तिथे आपल्याला नाव विचारतील का?

ताई, नमस्कार.

मी पाचपाखाडीत राहते, वय ६१. गेल्या वर्षी मेमधली आमची काश्मीरची तिकिटं होती. आमचे हे, मी, मुलगा, सून आणि नातू. २२ एप्रिलला पहलगाम झालं. दुसऱ्या दिवशी मी बहिणीकडे डोंबिवलीला होते. भागशाळा मैदानावर आम्ही दोघी गेलो. तिथलं रडणं अजून कानात आहे. घरी आल्यावर मीच म्हटलं, तिकिटं रद्द करा. ज्या सहल कंपनीकडे पैसे भरले होते तिने निम्मेच परत दिले, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

आता मुलगा म्हणतो, यंदा मेमध्ये जाऊन येऊ. पाच रात्रींचा बेत आहे: श्रीनगर, गुलमर्ग, सोनमर्ग, पहलगाम आणि शेवटी केरन. तिथून नदीपलीकडे पाकव्याप्त काश्मीर दिसतं म्हणे. ह्यांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, पण जायचंच म्हणून हटून बसलेत. मुलगी वकिलीचं शिकते. ती म्हणते, जिथल्या माणसांना मोकळं बोलता येत नाही तिथे जाऊन फोटो काढत हिंडायचं, हे मला जमणार नाही. शेजारचे काका म्हणतात, त्या लोकांच्या खिशात आपला एक रुपया जाता कामा नये. सून काहीच बोलत नाही. आणि परवा जेवताना सात वर्षांच्या नातवाने विचारलं, ‘आजी, तिथे आपल्याला नाव विचारतील का?’ घास घशाखाली उतरला नाही हो.

जावं का आम्ही?

– एक आजी, ठाणे

———

ताई,

उत्तर आधी सांगते, मग बाकीचं. जा. पण मुलाने ठरवलाय तो बेत जसाच्या तसा नको, आणि घरातल्या एका माणसाशी बोलल्याशिवाय तर अजिबात नको. ते माणूस म्हणजे तुमची सून.

तुमच्या पत्रात नवऱ्याचं म्हणणं आहे, मुलाचं आहे, मुलीचं आहे, शेजारच्या काकांचं आहे, अगदी नातवाचंही आहे. सुनेला चार शब्द मिळालेत: ‘सून काहीच बोलत नाही.’ पत्र वाचताना मी तिथेच थांबले. पहलगामच्या वरच्या बैसरनच्या कुरणात पुरुषांना त्यांच्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत मारलं. लहान मुलाच्या आईच्या मनातून ते चित्र हलत नसेल, आणि सासऱ्यांची हौस आपल्यामुळे मोडायला नको म्हणून ती गप्प बसली असेल, तर त्यात नवल नाही. तिला एकटीला विचारा. जेवणाच्या टेबलावर नको, मुलासमोर नको. संध्याकाळी तलावपाळीवर दोघीच फेरी मारायला जा आणि आधी सांगून टाका, ‘तुला नको असेल तर नको मी म्हणेन, तुझं नाव कुठे येणार नाही.’ मग विचारा. ती नको म्हणाली तर यंदा जाऊ नका. तिच्या नकाराला कारण मागू नका. पोर तिचं आहे.

तिने हो म्हटलं, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आधी भीतीबद्दल. ‘आता तिथे काही होत नाही, बिनधास्त जा’ असं मी म्हणणार नाही. २२ एप्रिल २०२५ला २६ माणसं गेली. महाराष्ट्राची सहा, त्यात तीन डोंबिवलीची आणि एक पनवेलचा. म्हणजे आपल्या लोकलच्या वाटेवरची माणसं. बैसरन हे पहलगामपासून पाच-सहा किलोमीटर वर, पायी किंवा घोड्यावरूनच जाता येईल असं ठिकाण, आणि त्या दुपारी तिथे सुरक्षा दल नव्हतं. त्यानंतर जम्मू-काश्मीर सरकारने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली आणि मग टप्प्याटप्प्याने उघडायला घेतली. यातून तुम्ही घ्यायचं ते इतकंच: जे ठिकाण अधिकृतपणे उघडं आहे, जिथे गाडी पोहोचते आणि गर्दी व बंदोबस्त दोन्ही आहे, तिथेच जायचं. घोडेवाल्याने ‘वरती एक छान जागा आहे, कुणाला माहीत नाही’ म्हटलं की हात जोडायचे. निघायच्या आदल्या आठवड्यात पर्यटन खात्याची उघड्या ठिकाणांची यादी मुलाने स्वतः पाहावी. सहल कंपनीच्या छापील कागदावर विसंबू नये. तो कागद महिनोन्‌महिने आधी छापलेला असतो.

दुसरी भीती कुणी फारशी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे अडकून पडण्याची. ७ मे २०२५ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, १० मेला शस्त्रसंधी झाली, आणि मधल्या दिवसांत श्रीनगरसकट उत्तर-पश्चिम भारतातले कितीतरी विमानतळ प्रवाशांना बंद होते. तुमची गेल्या वर्षीची तिकिटं त्याच सुमाराची होती, म्हणून सांगते. त्याआधी २ ऑगस्ट २०१९ला सरकारने अमरनाथ यात्रेकरूंना आणि पर्यटकांना खोरं सोडून परत जायला सांगितलं होतं. तीन दिवसांनी कलम ३७० गेलं आणि फोन बंद झाले. तिथे एका आदेशाने सगळं बदलू शकतं, आणि त्यात कुणी मुद्दाम तुम्हाला त्रास देत नसतं. तेव्हा तुमच्या ह्यांची औषधं सहा दिवसांची नको, पंधरा दिवसांची घ्या, आणि निम्मी तुमच्या पर्समध्ये ठेवा. दोन जादा रात्रींचे पैसे बाजूला असू द्या. तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा, थोडं महाग पडलं तरी. प्रवास विमा घेणार असाल तर ‘काय मिळेल’ हे पान सोडा, ‘काय मिळणार नाही’ ते पान वाचा. युद्ध बहुतेक पॉलिसींतून वगळलेलं असतं, आणि दहशतवादी हल्ल्याचं प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. गेल्या वर्षी निम्मे पैसे का गेले, त्याचं उत्तरही अशाच एखाद्या पानावर सापडेल.

आणि डोंगर. पहलगामच्या दोनच दिवस आधी, २० एप्रिलला, रामबनला ढगफुटीसारखा पाऊस होऊन जम्मू-श्रीनगर महामार्ग दरडींनी बंद पडला होता. त्या बातमीचं नंतर कुणाला काही राहिलं नाही. घरात हृदयाचा रुग्ण आणि लहान मूल असताना तो रस्ता गाडीने करू नका. मुंबईहून सरळ विमानाने श्रीनगर गाठा. किंवा मुलाला आगगाडीची हौस असेल तर ६ जून २०२५पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत जाते, चिनाबच्या पुलावरून, नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरून. नातवाला जन्मभर आठवेल अशी गोष्ट आहे ती. तुमच्या ह्यांच्याबद्दल मात्र ऐका: गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा ठीक. दुसरा टप्पा अफरवटच्या डोंगरावर चार हजार मीटरच्या आसपास नेतो, तिथे हवा विरळ असते. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने आपल्या डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय वर जायचं नाही. खाली बसून चहा प्यायचा. तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून कुणी कुरकुर केली तर करू द्या.

आता केरन. ते बेतातून काढा.

हे जरा सविस्तर सांगते, कारण मुलगा विचारेल. कुपवाड्याच्या पुढे डोंगर ओलांडून खाली उतरलं की किशनगंगा लागते. पलीकडचे लोक तिला नीलम म्हणतात. तिथे ती नदी हीच नियंत्रण रेषा आहे. पलीकडच्या काठावर घरं दिसतात, कपडे वाळत घातलेले दिसतात, शाळेत जाणारी पोरं दिसतात. फेब्रुवारी २०२१मध्ये दोन्ही लष्करांनी गोळीबार थांबवायचं ठरवलं, तेव्हापासून तिथे शांतता आली आणि पर्यटक जायला लागले. गावकऱ्यांनी घरातल्या खोल्या भाड्याने दिल्या. त्यात वाईट काहीच नाही, उलट कित्येक वर्षं तोफांखाली काढलेल्या गावाला चार पैसे मिळाले. पण त्या नदीने एकाच घरातली माणसं दोनदा तोडली आहेत. एकदा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला, आणि पुन्हा नव्वदच्या सुमाराला, गोळीबाराला आणि धरपकडीला घाबरून अनेकजण पलीकडे गेले तेव्हा. कुणाचा भाऊ तिकडे, कुणाची बहीण. आणि आपल्याकडून गेलेली माणसं काठावर उभी राहून घोषणा देतात, हात हलवतात, मोबाईलवर चित्रण करतात. मे २०२५मध्ये पूंछ, उरी, कर्नाह या पट्ट्यावर तोफगोळे पडले. घरं पडली, माणसं गेली, पूंछमध्ये सगळ्यात जास्त. त्या लोकांच्या दारात पाच रात्रींच्या सहलीतला एक तास ‘बॉर्डर पॉइंट’ म्हणून उरकायला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाय दिवसभराचा घाटरस्ता, सोबत सात वर्षांचं पोर, मोठं हॉस्पिटल मागे राहिलेलं. पुढे कधी मुलगा-सून दोघंच गेले, स्थानिक परवानगीचे नियम आधी बघून, दोन रात्री तिथल्या घरात राहिले, तर ती गोष्ट वेगळी.

(सहल कंपनी कदाचित सांगेल की कुपवाड्यात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, तोही दाखवू. पुतळा आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये आपल्या ठाण्याचेच एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना त्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. पण ती लष्कराची जागा आहे. आत सोडतील का, हे लष्कर ठरवतं.)

केरनचा दिवस वाचला की श्रीनगरला एक रात्र वाढवा. त्यातली एक सकाळ तुलमुल्याच्या खीरभवानीला द्या. चिनारांच्या सावलीत, झऱ्याच्या कुंडात बांधलेलं लहानसं देऊळ आहे. झऱ्याच्या पाण्याचा रंग बदलतो आणि त्यावरून येणारा काळ कळतो, अशी काश्मिरी पंडितांची श्रद्धा. ज्येष्ठ शुद्ध अष्टमीला तिथे जत्रा भरते, तेव्हा देशभर विखुरलेले पंडित येतात, आणि पूजेचं ताट, दिवे, दूध विकायला बसतात ते बहुतेक गावातले मुसलमान.

माझ्या वर्गात एक होता त्यांच्यातला. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी विस्थापित पंडितांच्या मुलांना जागा दिल्या होत्या, त्यातून आलेला. पंडितांना खोरं सोडावं लागलं त्या जानेवारी १९९०च्या रात्रींबद्दल चार वर्षांत तो एकदाही बोलला नाही. पण महिन्यातून एकदा कल्याणला उतरून उल्हासनगरला जायचा. सिंधी भाजीवाल्यांकडे कमळकाकडी मिळायची, ती आणायला. खोलीवर स्टोव्ह पेटवून दह्यात शिजवायचा आणि आम्हाला वाढायचा. त्याला नदरू म्हणतात, एवढंच सांगायचा. एकदा मी विचारलं, घरी कधी जाणार? तो कमळकाकडीच्या चकत्या दिव्यासमोर धरून भोकांतला चिखल काडीने काढत होता. ते काढणं त्याने थांबवलं नाही, उत्तरही दिलं नाही. आजही कुणी काश्मीरचा विषय काढून ‘पंडितांचं काय?’ असं दुसऱ्याला गप्प करायला विचारतं, तेव्हा मला तो काडीने चिखल काढणारा हात दिसतो. त्याचं दुःख हे कुणाच्या तोंडावर फेकायचं हत्यार नाही.

यावरून शेजारच्या काकांकडे येते. त्यांचा राग मला कळतो. भागशाळा मैदानावर तुम्ही जे पाहिलंत ते पाहिल्यावर कुणालाही राग यावा. पण ‘त्या लोकांच्या खिशात’ म्हणजे कुणाच्या? बैसरनला मेलेल्या २६ जणांत एक तिथलाच घोडेवाला होता. पर्यटकांना पाठीवर घेऊन खाली पळत आलेले घोडेवाले होते. दुसऱ्या दिवशी खोऱ्यातल्या लोकांनी बाजार बंद ठेवले, मशिदींतून निषेध झाला, आणि श्रीनगरच्या वर्तमानपत्रांनी पहिलं पान काळं छापलं. हेही खरं, की हल्लेखोरांना आसरा दिल्याच्या आरोपावरून जूनमध्ये दोन स्थानिकांना अटक झाली, आणि जुलैअखेर श्रीनगरजवळच्या डोंगरात तिघे हल्लेखोर मारले गेले. दोन्ही खरं आहे. काकांना दोन्ही सांगा. आपल्या आळीत एक चोर निघाला म्हणून अख्ख्या आळीशी कुणी बोलणं टाकत नाही.

आमच्या सोसायटीत दर हिवाळ्याला एक शालवाला येतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. पांढऱ्या चादरीचं गाठोडं पाठीवर, आणि जिन्यातूनच हाक, ‘वहिनी, यंदा फिकट रंग आणलेत.’ मराठी बायकांना कोणता रंग लागतो हे तो आमच्याइतकंच ओळखतो. पार्किंगमध्ये चादर पसरतो, एकेक शाल अर्धीच उलगडून दाखवतो, आणि न घेतलेली पुन्हा त्याच घडीवर, वर्तमानपत्राचा कागद मध्ये घालून ठेवतो. गेल्या हिवाळ्यात आला तेव्हा फाटकावर थांबवलं. आधार कार्ड मागितलं. त्याने दिलं. दोन्ही बाजूंची झेरॉक्स मागितली, कोपऱ्यावरून काढून आणली. मग कुणीतरी म्हणालं, मीटिंगमध्ये विचारावं लागेल. मी खाली पोहोचेपर्यंत तो गाठोड्याला गाठ मारत होता. गाठ बसेना. तीनदा सोडली, तीनदा बांधली. मला म्हणाला, ‘वहिनी, पुढच्या साली बघू.’ मी सेक्रेटरींशी भांडले, तो पुढच्या रविवारी आला, पार्किंगमध्ये बसला. पण यंदा शाली अर्ध्याही उलगडल्या नाहीत. बायकांनी घेतल्या तेवढ्या दिल्या आणि उठला. त्या गाठीवर फिरणारी त्याची बोटं मी विसरू शकत नाही. आपण तिथे जाऊन ज्यांच्याकडे राहणार, ज्यांच्या गाडीत बसणार, त्यांच्यातल्या अनेकांचा भाऊ-मुलगा असाच आपल्या कुठल्या तरी शहराच्या फाटकावर उभा असतो.

मुलीचं म्हणणं मात्र काकांसारखं झटकून टाकण्याजोगं नाही, आणि घरात तिला कुणी ‘तू त्यांच्या बाजूची’ असं म्हणू नये याची काळजी तुम्ही घ्या. ती जे सांगते आहे ते घडलेलं आहे. ऑगस्ट २०१९नंतर तिथले नेते, अगदी माजी मुख्यमंत्रीसुद्धा, महिनोन्‌महिने स्थानबद्ध होते. फोर-जी इंटरनेट पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. विधानसभेची निवडणूक २०१४नंतर थेट २०२४मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये ३७० हटवणं वैध ठरवलं, आणि त्याच निकालात राज्याचा दर्जा लवकरात लवकर परत द्या असंही म्हटलं. हे सगळं माहीत असलेली मुलगी घरात आहे ही चांगली गोष्ट आहे. निघायच्या आधी दोन संध्याकाळी तिने सगळ्यांना बसवून हे सांगावं. ती आली नाही तरी चालेल. तिच्या न येण्यात तुमचा अपमान नाही.

फक्त एक तिला माझ्याकडून सांगा. पर्यटकांचा आकडा तिथे नुसता आकडा नसतो. २०२४मध्ये २ कोटी ३६ लाख लोक जम्मू-काश्मीरला आले, वैष्णोदेवीचे भाविक धरून, आणि तो आकडा सगळं सुरळीत असल्याचा दाखला म्हणून पुढे केला गेला. पर्यटक असा पुरावा झाला, म्हणूनच तो निशाणाही झाला, असं मला वाटतं. तिला हेच खुपत असणार की आपले आईबाबा त्या आकड्यात जमा होतील. होतील. पण शिकारावाल्याची चूल आकड्यावर पेटत नाही, गिऱ्हाइकावर पेटते. न जाऊन कुणाला बोलायचं स्वातंत्र्य परत मिळत नाही. कसं वागायचं, तेवढं आपल्या हातात आहे.

आणि इथे मला सगळ्यात कळकळीने जे सांगायचं आहे ते येतं. तिथल्या माणसाला परीक्षेला बसवू नका.

ऑक्टोबर २०२२मध्ये आम्ही पाचजण श्रीनगरहून पहलगामला निघालो होतो. अनंतनागच्या अलीकडे लष्कराच्या गाड्यांचा ताफा आला आणि सगळी वाहतूक थांबवली. पुलवाम्याच्या हल्ल्यात ४० जवान गेल्यापासून ताफा जाताना हे कडकपणे पाळतात. आमच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, वरून दिसतील असे ठेवले. गाडी उभी असतानाही. अर्धा तास ते हात तिथून हलले नाहीत. मागून आमच्यातल्या एकाने, चांगल्या मनाने बरं का, विचारलं, ‘भैया, अब तो अच्छा लग रहा होगा ना? सब नॉर्मल हो गया.’ त्याने आरशात बघितलं. म्हणाला, ‘सर, आगे चाय अच्छी मिलती है.’ पुन्हा विचारलं, ‘नहीं, मतलब ३७० के बाद?’ तो म्हणाला, ‘केहवा भी मिलता है.’ आम्ही पाचजण, तो एकटा, गाडी त्याची पण दिवस आमचा, पैसे आमचे. त्याने खरं बोलावं असं वाटणारा प्रश्न आम्ही अशा जागी विचारला जिथे खरं बोलणं त्याला परवडणारं नव्हतं, मग ते काहीही असो. मला तेव्हा शरम वाटली, आजही वाटते.

तेव्हा ड्रायव्हरला, हाउसबोटवाल्याला, घोडेवाल्याला ३७०बद्दल विचारायचं नाही. पाकिस्तानबद्दल नाही, सामन्यात कुणाला टाळ्या वाजवता हे तर नाहीच नाही. मुलांची शाळा विचारा, सफरचंदाला यंदा भाव काय मिळाला विचारा, बर्फ किती पडला विचारा. तो आपण होऊन काही बोलला तर ऐका. मध्ये तोडू नका, ‘पण तुम्ही लोकांनी’ असं वाक्य सुरू करू नका, आणि तो बोलत असताना मोबाईल वर धरू नका. तुम्ही ठाण्याला परत येणार, तो चित्रफितीतला चेहरा तिथेच राहणार. ह्यांना हे आधीच सांगून ठेवा. निवृत्त पुरुषांना ड्रायव्हरशी राजकारण बोलायची फार सवय असते.

बाकीचं भराभर. बंकर, तपासणी नाके, जवान, पूल यांचे फोटो नाहीत. नातवाला जवानांना सलाम करायचा असेल तर करू दे, कामावर असलेल्या जवानाबरोबर सेल्फीचा हट्ट नको. श्रीनगरचा विमानतळ हवाई दलाचाही आहे. खिडकीचं झाकण खाली करा म्हटलं की करायचं. परतीच्या दिवशी विमानतळाच्या बाहेरच्या फाटकापासूनच सामानाची तपासणी सुरू होते, तीन तास आधी पोहोचा. पहलगामला तुमची श्रीनगरची गाडी अरू, बेताब खोरं, चंदनवाडीला जात नाही, तिथल्या युनियनची गाडी करावी लागते. तिचे दर ठरलेले असतात, ‘लुटतात’ म्हणून आधीच चिडून जाऊ नका. शुक्रवारी दुपारी जामा मशिदीच्या भागात फिरायला नको. शाल घेणार असाल तर अंगठीतून काढून दाखवतात त्यावर जाऊ नका. खऱ्या पश्मिन्याला भौगोलिक मानांकनाचं लेबल मिळतं, ते मागा. आणि सकाळी कांदुराकडची, म्हणजे तिथल्या भट्टीवाल्याकडची गरम रोटी घरच्यासारखी रांगेत उभं राहून घ्या, हॉटेलच्या नाश्त्याला एक दिवस सुट्टी द्या.

राहिला नातवाचा प्रश्न. मोठ्यांच्या गप्पा त्याने ऐकल्या आहेत, बातम्या पाहिल्या आहेत. तिथे माणसांना आधी नाव-धर्म विचारून मारलं हे त्याला कळलं आहे. ‘छे, असं काही नसतं’ म्हणू नका. तो पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. त्याला जवळ घ्या आणि सांगा, हो, वाईट माणसांनी तसं विचारलं होतं, ती फार वाईट गोष्ट झाली, त्या काकांसाठी आजी डोंबिवलीला जाऊन रडून आली. आणि आपण गेलो तर तिथे तुला नाव विचारतील. शिकारावाले काका विचारतील, रोटीवाले विचारतील, हाउसबोटीवरची तुझ्याएवढी मुलं विचारतील. तेव्हा तू आपलं पूर्ण नाव सांगायचंस, आडनावासकट, मोठ्याने. मग त्यांचं विचारायचंस. आणि रात्री मला सगळी नावं म्हणून दाखवायचीस. त्याला एक छोटी वही घेऊन द्या त्यासाठी. हे ऐकल्यावरही त्याच्या तोंडावरची भीती गेली नाही, तर मी वर सुनेबद्दल जे म्हटलं तेच त्यालाही लागू. मग यंदा महाबळेश्वरला जा.

जायचं ठरलं, तर या आठवड्यातच एक काम करा. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच चालतं. घरातले निदान दोन फोन पोस्टपेड करून घ्या, एक तुमचा आणि एक सुनेचा. बदलून सुरू व्हायला वेळ लागू शकतो, आणि मे काही लांब नाही.